कंपनीनं फोनचा ताबा घ्यावा, पण किती घेतला ते आम्हाला लिहून द्यावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाईल चोरीच्या बातम्या आपल्या पेपरात येतच असतात, बसमध्ये गेला, यात्रेत गेला, आठवडे बाजारात गेला, आणि बातमी बहुतेक वेळा फोनच्या किमतीवर संपते. पण ज्या फोनमध्ये ऑफिसचा मेल आहे, गिऱ्हाइकांची यादी आहे, डीलरचे रेट आहेत, तो फोन गेला की किंमत ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट असते. मी नाशिकला एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटी सांभाळते. आमची सेल्स आणि सर्व्हिसची पोरं धुळे-नंदुरबारपासून नगरपर्यंत फिरतात, त्यांचे फोन सुरू करून देणं, अपडेट बघणं, हरवले तर लॉक करणं हे सगळं माझ्याकडे असतं. या विषयावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही आणि मालक लोकांचे आणि नोकरदारांचे दोघांचेही गैरसमज खूप आहेत म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

या कामाला एमडीएम म्हणतात, मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट. ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरवर एक कन्सोल उघडतो, तिथे फोनांची यादी दिसते, कुठल्या फोनवर कुठलं अँड्रॉइड आहे, सिक्युरिटी अपडेट कधीचा आहे, स्क्रीन लॉक लावलाय का, आणि तिथूनच ॲप टाकता येतं, काढता येतं, फोन लॉक करता येतो आणि वेळ आली तर पुसताही येतो, म्हणजे त्यातलं सगळं उडवून टाकता येतं. कंपनीचा नवा फोन असेल तर डब्यातून काढल्यावर पहिलं जे वेलकमचं स्क्रीन येतं त्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करायचं, क्यूआर स्कॅनर उघडतो, आमचा कोड स्कॅन केला की फोन कंपनीच्या नावावर लागतो आणि कामाची ॲप एकेक करून स्वतःच उतरायला लागतात. फोन अधिकृत विक्रेत्याकडून एकगठ्ठा घेतले तर तेवढंही करावं लागत नाही, तो प्रत्येक फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, आधीच आपल्या खात्यात चढवून देतो. त्याचा मोठा फायदा असा की चोरानं फोन रिसेट केला तरी नेट लागल्यावर पुन्हा कंपनीचंच स्क्रीन समोर येतं, पुढे जाता येत नाही.

आता हे लागतं कशाला, तर आपल्याकडच्या लहान-मध्यम कंपन्यांचं बरंचसं काम व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. कोटेशन तिथेच, ड्रॉइंग तिथेच, गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचा फोटोसुद्धा तिथेच. माणूस नोकरी सोडून गेला की त्याला ग्रुपमधून काढतात, पण आधीचं सगळं त्याच्या फोनमध्ये तसंच राहतं, आणि त्याचा फोन पुढे कधी रिपेअरवाल्याकडे जातो, कधी सेकंडहँड विकला जातो. यात तो माणूस वाईट असायची गरजच नाही. मालक म्हणतात आमचं विश्वासावर चालतं, चालू दे की, पण ज्या गिऱ्हाइकाचा आधारचा फोटो फिरतोय त्यानं विश्वास कुणावर ठेवला होता? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, कंपन्यांना तयारीला दीड वर्ष दिलंय. डेटा फुटला तर संबंधित माणसांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विलंब न लावता कळवायचं, आणि मंडळाला सविस्तर माहिती 72 तासांत द्यायची असं त्यात आहे. शिवाय सर्ट-इनचा, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, एप्रिल 2022 चा आदेश आहेच, सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत रिपोर्ट करा म्हणून. आता ज्या कंपनीला आपला डेटा कुणाकुणाच्या फोनवर आहे हेच माहीत नाही ती 6 तासांत काय सांगणार?

फोन हरवतो तेव्हा नेमकं काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं एक बटन दाबलं की काम झालं. आमच्या एका सर्व्हिसवाल्याचा फोन मालेगावच्या बस स्टँडवर गर्दीत खिशातून गेला. त्यानं शेजारच्या चहावाल्याचा फोन मागून मला कॉल केला, आवाज थरथरत होता, पहिलं वाक्य काय तर मॅडम पगारातून कापतील का. मी कन्सोलवरून लॉकची कमांड दिली, पण समोर आलं पेंडिंग, कारण चोर पहिलं काम फोन बंद करायचं करतो आणि कमांड फोनपर्यंत पोचायला फोनला नेट लागतं. ती कमांड तशीच वाट बघत राहते, फोन पुन्हा कधी नेटवर आला तरच लागू होते. म्हणून खरी घाई असते ती सिमची. सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घातलं की ओटीपी त्या फोनवर यायला लागतात, तिथे एमडीएम काही म्हणजे काहीच करू शकत नाही. त्याला मी लॉकची वाट बघत बसू दिलं नाही, आधी सिम कंपनीला फोन करून सिम बंद करायला लावलं, मग बँकेला सांगून यूपीआय बंद, मग पोलीस स्टेशन. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा हेही लोकांना अजून पाठ नाही. पोलिसांची तक्रार हातात आली की केंद्र सरकारच्या सीईआयआर या हरवलेल्या-चोरीच्या फोनांसाठीच्या पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करायचा. ही सोय मे 2023 पासून देशभर आहे, त्याआधी 2019 ला महाराष्ट्रात सुरू झाली होती. ब्लॉक केला की तो फोन भारतात कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. त्यासाठी आयएमईआय आधी लिहून ठेवलेला हवा, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो, आणि ओटीपी येण्यासाठी डुप्लिकेट सिम लागतं, त्यावर एसएमएस सुरू व्हायलाच एक दिवस जातो. सिमला पिन लावून ठेवला तर यातली निम्मी धावपळ वाचते, चोरानं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आधी पिन मागतं, तीनदा चुकलं की सिम लॉक. सगळ्या फोनमध्ये ही सोय असते, पैसे लागत नाहीत, तरी माझ्या पाहण्यातल्या अगदी मोजक्या लोकांनी ती वापरलीये.

इथपर्यंत सगळे मालक माना डोलावतात. पुढचं जे आहे त्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहायला घेतलं.

माझ्या ओळखीतल्या एका मुलानं एका कंपनीतली नोकरी सोडली. फोन त्याचा स्वतःचा, हप्त्यावर घेतलेला, कंपनीनं फक्त ऑफिसचा मेल त्यात टाकायला लावला होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो घरी जेवायला बसला आणि फोन रिस्टार्ट झाला, उघडून बघतो तर नव्या फोनसारखा कोरा. मुलीच्या बारशाचे व्हिडिओ, वडिलांच्या शेवटच्या दिवसातले फोटो, त्यांच्या आवाजातले व्हॉइस मेसेज, काहीही राहिलं नाही, बॅकअप लावलेला नव्हता. मेल सेट करताना एक इंग्रजी स्क्रीन आलं होतं, त्यात अधिकारांची यादी होती, सगळ्यात वर सगळा डेटा पुसणे असं इंग्रजीत लिहिलेलं, खाली ॲक्टिव्हेटचं बटन. ते दाबल्याशिवाय मेल सुरू होत नव्हता म्हणून त्यानं दाबलं, कुणीही दाबलं असतं. त्यानं फोन करून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, पॉलिसी आहे, तुम्ही संमती दिली होती. वडिलांचा आवाज गेला त्या माणसाचा, आणि उत्तर काय तर पॉलिसी. हे मला आजही सहन होत नाही.

कारण हे करायची गरजच नव्हती. माणसाच्या स्वतःच्या फोनवर फक्त कामाचा भाग वेगळा ठेवायची सोय अँड्रॉइडमध्ये 2014 पासून आहे, वर्क प्रोफाइल म्हणतात त्याला. कामाच्या ॲपवर छोटी ब्रीफकेस दिसते, ऑफिसचा मेल, ऑफिसच्या फाइली, ऑफिसचे काँटॅक्ट त्या भागात, घरचं सगळं बाहेर. तुमच्या घरात कंपनीनं एक कपाट ठेवलं आणि त्याची किल्ली कंपनीकडे, असं समजा, कपाट न्यायला आले तर कपाट नेतील, भांडीकुंडी नाही नेणार. माणूस नोकरी सोडून गेला की मी कन्सोलवरून फक्त तो भाग काढून टाकते, अर्ध्या मिनिटाचं काम, त्याचा एक फोटोही हलत नाही. आयफोनलासुद्धा 2019 च्या आयओएस 13 पासून याच धर्तीची व्यवस्था आहे. आणि वर्क प्रोफाइल माणसाला स्वतः बंद करता येतं, रविवारी बंद करून टाका, कामाची ॲप झोपतात, नोटिफिकेशन येत नाही. आमच्याकडे कुणी असं बंद केलं म्हणून मी कधी विचारत नाही आणि विचारूही नये.

नवीन माणूस आला, मी त्याच्या फोनवर हे टाकायला घेतलं की तो हमखास विचारतो, मॅडम, माझे फोटो दिसतात का तुम्हाला? काही जण विचारत नाहीत, नुसते फोन हातात देताना घट्ट धरून ठेवतात. मुली तर जास्तच बिचकतात, आणि का बिचकू नये. मी तेव्हा तोंडी समजावत बसत नाही, माझा मॉनिटर त्यांच्याकडे फिरवते आणि त्यांच्याच फोनचं पान उघडून दाखवते. हे बघा, मॉडेल दिसतं, अँड्रॉइड कितवं ते दिसतं, कामाची ॲप दिसतात, बस. तुमची गॅलरी नाही, तुमचं व्हॉट्सॲप नाही, कुठली ॲप तुम्ही घरच्यासाठी टाकलीत तेही नाही, कॉल कुणाला केले तेही नाही. फोनला स्क्रीन लॉक लावा अशी सक्ती मात्र मी करू शकते आणि करते. आणि ऑफिसच्या वायफायवर जे उघडाल त्याची नोंद राहू शकते हेही तिथेच सांगते, कारण अर्धं सांगून मिळवलेला विश्वास टिकत नाही.

आता फोन कंपनीचाच असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कंपनी सगळं बंद ठेवू शकते, फक्त चार ॲप चालतील असं करू शकते, लोकेशनही बघू शकते. डिलिव्हरीच्या गाडीवर, गोडाऊनच्या स्कॅनरवर हे योग्यच आहे. पण त्या फोनवर माणसानं घरचं काही ठेवू नये हे त्याला आधी सांगितलं पाहिजे, आणि ड्यूटी संपल्यावर लोकेशन बंद झालं पाहिजे. रात्री अकराला माणूस कुठे आहे हा कंपनीचा विषय नाही.

हरियाणात 2021 मध्ये काय झालं ते आठवा. आशा वर्करना सरकारनं दिलेल्या फोनवर एमडीएम 360 शील्ड नावाचं ॲप टाकायला सांगितलं, आणि बायांनी विरोध केला, आंदोलन केलं. आमचं लोकेशन कळतं, दुरून फोनमध्ये काहीही टाकता-काढता येतं, असा त्यांचा आक्षेप होता. मी या धंद्यातली आहे, हे ॲप काय काम करतात ते मला माहीत आहे, आणि तरी मी म्हणते त्या बाया बरोबर होत्या. कारण त्यांच्याशी आधी बसून कुणी बोललं नाही. ज्या बाईला मानधनावर राबवायचं, कर्मचारी म्हणून मान्यता द्यायची नाही, तिच्यावर नजर ठेवायला मात्र सॉफ्टवेअर आणायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? आपल्या महाराष्ट्रातही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले होते, त्यांची अडचण वेगळी होती, 2 जीबी रॅमचे फोन, सतत हँग होणारे, गरम होणारे, आणि बाळांची-आयांची माहिती भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. तोही माझ्या मते सुरक्षेचाच प्रश्न आहे. ज्या फोनला सिक्युरिटी अपडेट मिळत नाही, ज्यात जागा नाही, त्यावर गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन आणि आईचं नाव भरून घ्यायचं, आणि फोन बंद पडला की सेविकेनं मुलाचा किंवा नवऱ्याचा फोन वापरायचा, म्हणजे तो डेटा आता कुणाच्याही हातात. स्वस्तातला फोन देऊन वर कितीही कडक ॲप टाका, उपयोग नाही.

कन्सोल सांभाळणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, म्हणजे माझ्यासारख्यांबद्दल. सिंगापूरमध्ये 4 ऑगस्ट 2024 ला शाळकरी मुलांच्या टॅबवर लक्ष ठेवणाऱ्या मोबाईल गार्डियन नावाच्या एमडीएममध्ये कुणीतरी घुसलं आणि 26 शाळांतल्या जवळपास 13,000 मुलांची डिव्हाइस दुरून पुसली गेली. परीक्षेच्या नोट्स गेल्या पोरांच्या. तिथल्या शिक्षण खात्यानं ते ॲप सगळ्या डिव्हाइसवरून काढून टाकलं. जे अधिकार चोरीच्या फोनवर वापरायचे तेच अधिकार चुकीच्या हातात गेले तर सगळी कंपनी एका संध्याकाळी कोरी होते. आणि आपल्याकडे काय बघायला मिळतं, तर कन्सोलचा पासवर्ड आयटीवाल्याकडे, अकाउंटवाल्याकडे आणि बाहेरच्या व्हेंडरकडे, तिघांचा एकच, तोही मॉनिटरला चिकटवलेला. ॲडमिनच्या लॉगिनला दुहेरी पडताळणी हवीच, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं, आणि फोन पुसायचा असेल तर दोघांनी मंजुरी दिल्याशिवाय पुसला जाणार नाही असं हवं. आम्ही आमच्याकडे तसं केलंय, जरा वेळ लागतो, लागू दे.

खर्चाचं कारण सांगणाऱ्यांसाठी एवढंच की कंपनीचा मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे असेल तर त्याच्या बऱ्याच प्लॅनमध्ये ही सोय आधीच असते, कुणी उघडून बघत नाही. लहान संख्येच्या फोनांसाठी फुकट सॉफ्टवेअरही मिळतात.

कायद्याचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. पण 2023 च्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवायही वापरता येईल अशी तरतूद आहे. मालकाला तेवढी मोकळीक लागते हे मलाही पटतं, गुपितं चोरीला जातात ही खरी गोष्ट आहे, पण त्या मोकळिकीची हद्द कामगाराला कुठे कळते? म्हणून माझी राज्याच्या कामगार विभागाकडे आपल्या पेपरमार्फत मागणी आहे. जी कंपनी कर्मचाऱ्याच्या फोनवर असं काहीही टाकते तिनं एक पानाचा मराठी कागद आधी द्यावा, वकिली भाषेतला नको. काय दिसतं, काय दिसत नाही, लोकेशन कधी बघितलं जाईल, पुसायचा अधिकार कुणाला, काय पुसलं जाईल आणि नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगितलं जाईल, एवढं त्यावर असावं. माणसाच्या स्वतःच्या फोनचा पूर्ण ताबा घ्यायला सरळ मनाई हवी. आणि सुरुवात सरकारनं स्वतःपासून करावी, अंगणवाडी, आशा, ग्रामपंचायत, शाळा, जिथे जिथे कामाची ॲप सक्तीनं टाकायला लावतात तिथे.

हप्त्यावर फोन विकणारेही हप्ता चुकला की फोन दुरून लॉक करायला याच जातीचं तंत्र वापरतात, ग्रामीण भागात तर सर्रास, त्यावर कुणीतरी स्वतंत्र लिहावं, तो विषय मोठा आहे.

तोवर नोकरी करणाऱ्या वाचकांनी एक काम करावं. फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस ॲडमिन ॲप्स असं शोधावं. तिथे ऑफिसच्या मेलचं किंवा कंपनीचं ॲप चालू दिसलं तर तुमचा अख्खा फोन पुसायचा अधिकार कंपनीकडे असू शकतो. लगेच बंद करू नका, काही ठिकाणी बंद करताच मेल जातो. आधी फोटोंचा बॅकअप घ्या, मग आयटीला किंवा एचआरला मेल करून विचारा की आम्हाला याऐवजी वर्क प्रोफाइल का देत नाही, आणि उत्तर लेखी मागा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
नाशिक